जिथलं तिथं

बारक्याचा फोन वाजला आणि तो हात पुसत शटरबाहेर गेला, तेवढ्यात सिस्टरने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली, उघड्या बॉनेटमध्ये वाकली आणि चौथ्या कॉइलच्या काळ्या डोक्याला मागच्या अंगाने एक लाल ठिपका दिला. मोहरीएवढा. वरून पाहणाऱ्याला दिसणार नाही, पण शोधणाऱ्याला सापडेल असा. वाळावा म्हणून फुंकर घातली, बाटली पर्समध्ये टाकली. बारक्या परत आला तेव्हा ती स्टुलावर बसून भिंतीवरच्या टायरच्या कॅलेंडरकडे बघत होती. इतकी एकाग्र होऊन, की कुणालाही संशय यावा.

बारक्याला आला नाही. किंवा आला तरी त्याने दाखवला नाही. हल्ली तिला त्याच्या प्रत्येक गोष्टीला अशी दोन तोंडं दिसू लागली होती.

नेलपॉलिश ती नखांना लावत नसे. घरोघर जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या, इंजेक्शनं देणाऱ्या नर्सच्या नखांना ती चैन परवडत नाही. ज्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही अशा म्हाताऱ्यांच्या औषधांच्या झाकणांवर ती ठिपके देई : लाल म्हणजे सकाळचं, निळा म्हणजे रात्रीचं. बाटल्या त्यासाठी. सगळा परिसर तिला सिस्टर म्हणूनच ओळखत होता. आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत ती एक गोष्ट पक्की शिकली होती. माणसं डोळ्यांत डोळे घालून सांगतात, गोळी घेतली म्हणून, आणि गोळी उशीखाली सापडते. तेव्हा ऐकावं सगळ्यांचं, आणि मग उशी उचलून बघावी.

"झालं ताई," बारक्या म्हणाला. "न्या गाडी."

"काय झालं? इंजिनाचा दिवा तर अजून पिवळाच आहे."

"तो राहणार. आज नुसती अदलाबदल केलीय." त्याने फडक्यात गुंडाळलेलं बोट इंजिनाच्या माथ्यावर फिरवलं. "हे चार सिलिंडर. प्रत्येकाच्या डोक्यावर एक कॉइल, ठिणगी देणारी. स्कॅनर म्हणतो दोन नंबर मिसिंग मारतोय, ठिणगी चुकवतोय. मागच्या खेपेला मी दोनची कॉइल तीनला लावली, तीनची दोनला. कॉइल खराब असती तर दुखणं तिच्या मागं मागं तीनला गेलं असतं. गेलं नाही. म्हणून प्लग बदलला. तरी आपलं दोनच."

"मग आज परत तेच कशाला?"

"पटत नाही म्हणून. लक्षणं सगळी कॉइलची आहेत. थंड असताना गप्प, तापली की चढावर झटके. म्हटलं, एकाच वयाच्या आहेत, तीनलाही तीच खोड लागली असेल. म्हणून आज दोनची चारला टाकली. तापवा चांगली, चढावर घाला. या वेळी चार आलं तर कॉइल. परत दोनच आलं, तर वायरिंग उघडायचं, इंजेक्टर उतरवायचे."

"आणि सरळ नवीन कॉइल टाकली तर?"

बारक्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने जणू ताप न मोजता सलाइन लावायला सांगितलं होतं.

"न तपासता पार्ट बदलायचा नाही. कुणी शिकवलंय, ते तुम्हाला मी काय सांगू."

ते तिच्या बाबांनीच शिकवलं होतं. याच शेडमध्ये. तेव्हा बारक्या खरोखरच बारका होता, वाऱ्याने शटरला चिकटेल असा. आता बॉनेटखाली वाकायचं तर आधी पोट आत घ्यावं लागे. गॅरेज आता त्याचं होतं. पाटी बदलली होती, लिफ्ट आली होती, स्कॅनर आला होता. जुन्यातलं फक्त स्टूल उरलं होतं.

वाटेत पहिल्या चढावर गाडी गुणी मुलीसारखी गेली. सिस्टरला ते मुळीच आवडलं नाही.

*

बाबांनी गॅरेज दिलं ते आपखुशीने नाही. शेजाऱ्यांच्या गाडीचं पंक्चर काढलं आणि डाव्या मागच्या चाकाचे नट नुसते हाताने फिरवून ठेवले. पान्याने आवळायचे राहून गेले. वळणावर चाक डुगडुगलं. शेजाऱ्यांनी गाडी कडेला घेतली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मागच्या सीटवर त्यांची नात होती. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. दादा आला, तिचा भाऊ, परगावी मोठ्या हुद्द्यावर असलेला. त्याने हत्यारांची पेटी उचलून आपल्या डिकीत टाकली आणि जाता जाता जिन्यात तिला सांगून गेला :

"पुन्हा एकदा जरी कुठल्या गाडीला हात लावला ना, तर मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाणार. मग तू रड, नाहीतर पाया पड."

दादाचं घर अकराव्या मजल्यावर होतं. स्वच्छ, शांत, खिडक्या कायम बंद. बाबा तिथे एकदा आठवडाभर राहून आले होते. काही तक्रार केली नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "तिथं काही ऐकूच येत नाही." आणि मग महिनाभर संध्याकाळी गॅलरीत बसून, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज, जेवणावर आडवा हात मारावा तसा ऐकत राहिले.

ती परतली तेव्हाही ते गॅलरीतच होते. आंघोळ करून मानेला पावडर थापलेली. चष्मा नाकावर, आणि चष्म्याचं घर खिशात. इतकं जड काय असतं त्या रिकाम्या घरात कोण जाणे, सदऱ्याचा खिसा नेहमी एका बाजूला ओढलेला.

"काय म्हणाला तुझा बारक्या?"

"माझा कशाला? तुमचाच आहे."

"माझा असता तर असा कारभार केला नसता. कुठलं कुठं लावतो, त्याचं त्याला तरी ठाऊक असतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही." बाबा रस्त्याकडे वळले. "ओळखतो मी त्याला. काढलं की जिथलं तिथं ठेवायची सवयच नाही. पहिल्यापासून नाही."

"तो म्हणतो, पुढच्या वेळी वायरिंग उघडू."

"उघडेल की. उघडायला काय लागतं? लावायला अक्कल लागते."

सिस्टर आत आली. बाबांचा राग तिला माहीत होता. आपल्या हाताखालचा माणूस आपल्या जागेवर बसला की कुणालाही येतो तसा. म्हणून ती त्यातला निम्मा बाजूला काढून ठेवत असे. पण उरलेला निम्मा आज खाली बसेना. बारक्या हे सारखं तिला फेऱ्या मारायला लावतोय, ते कशासाठी? अदलाबदल केली म्हणतो. केली का खरंच? आणि एक दिवस शेवटी नवीन कॉइल म्हणून कुठल्या तरी भंगारातली पुसून लावली, तर तिला काय कळणार होतं?

आता कळेल, ती मनाशी म्हणाली. ठिपका आहे.

सकाळी ती आंघोळीला गेली की बाबा पेपर आणायला खाली उतरत. पहिलाच मजला, पण हल्ली त्यांना वेळ लागे. गुडघे, ते म्हणत. ती केस पुसत बाहेर येई तेव्हा ते धापा टाकत खुर्चीत टेकलेले असत, पेपर मांडीवर, घडी न मोडलेला. पावडरचा डबाही हल्ली फार लवकर संपत होता. म्हातारपणी माणसं कशाकशाची हौस धरतात, असं म्हणून ती दुसरा आणून ठेवी.

*

गाडी बंद पडली ती नेमकी चढावरच्या कॉलनीच्या तोंडाशी. आधी एक झटका, मग दोन, मग अडखळत, खोकत, अंगात जीव नसल्यासारखी. मागे बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. सिस्टरने हँडब्रेक ओढला, बॅग उचलली आणि उरलेला चढ पायी चढली.

वर एक आजोबा होते. पायाची जखम चिघळलेली, आणि स्वभाव त्याहून. ड्रेसिंगची वेळ टळली की ते पट्टी स्वतःच ओढून काढत. आजही काढली होती. सूनबाई दारातच रडवेली उभी.

"तुमचीच वाट बघत होते हो सिस्टर. मी हात धरले तर मलाच म्हणाले, तू कोण?"

जखमेला पुन्हा रक्त आलं होतं. गुडघ्यावर बसून सिस्टर ती साफ करत होती आणि आजोबा तिच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत होते, हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या पायाचं चाललंय असं. दुपारी तिला पेशंट देणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. ते चांगलं बोलले, हेच वाईट.

"सिस्टर, गाडीचं काय ते एकदाचं बघून घ्या. नाहीतर चढावरचे पेशंट मी दुसऱ्या कुणाला तरी देतो तोवर. तुम्हालाच दगदग नको."

चढावरच्या पेशंटांवर तर तिचं घर चालत होतं. ती हो म्हणाली, फोन ठेवला आणि गाडी थंड झाल्यावर थेट बारक्याच्या दारात नेऊन उभी केली.

*

बारक्याने स्कॅनर लावला, पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात चोळला.

"परत दोन."

"वाटलंच होतं मला," सिस्टर म्हणाली. "उघड. माझ्यासमोर."

त्याने वरचं झाकण काढलं. ती त्याला कोपराने बाजूला करून वाकली आणि चौथ्या कॉइलच्या मागे बोट घातलं, मग मोबाइलचा दिवा. काळं, गुळगुळीत, स्वच्छ. ठिपका नव्हता.

तिला राग आला, आणि त्या रागात थोडा आनंदही होता. उशीखाली गोळी सापडल्यावर होतो तसा.

"ही ती कॉइल नाहीच."

"कुठली ती?"

"जी तू लावली होतीस. माझ्या डोळ्यांदेखत. मी खूण केली होती तिच्यावर. लाल ठिपका. तू बदललीस."

बारक्याने हातातलं झाकण खाली ठेवलं. लिफ्टवरच्या दुसऱ्या गाडीतून तेल थेंब थेंब पत्र्याच्या डब्यात पडत होतं.

"कधी बदलली, ताई?" तो सावकाश म्हणाला. "गाडी तर तुमच्याकडे होती."

 'कधी' हा शब्द तिला आधी सुचायला हवा होता.

त्याने टॉर्च घेतला, वाकला, एकेका कॉइलच्या मागे उजेड टाकला. दोन नंबरपाशी थांबला.

"हा काय तुमचा ठिपका?"

होता. मोहरीएवढा, लाल, जसाच्या तसा.

"म्हणजे मला पकडायला लावला होता तुम्ही हा."

"हो," सिस्टर म्हणाली. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"बरं केलंत." त्याचा आवाज ओल्या फडक्यासारखा जड झाला. "पण मग आता मीही विचारतो. चारला लावलेली कॉइल दोनला आली कशी? पाय तर नाहीत तिला. खरं सांगा, दुसरीकडे दाखवली ना गाडी? त्या नाक्यावरच्या काचेच्या शोरूमवाल्याकडे? तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवू नका, पण निदान सांगायचं तरी. मी इकडे रात्रंदिवस डोकं फोडतोय, दोन का, दोन का म्हणून."

"कुणाकडे नेली नाही. शपथ."

"मग?"

दोघं इंजिनाच्या दोन बाजूंना उभे राहिले. कोण खोटं बोलतंय, हे दोघंही एकमेकांच्या चेहऱ्यावर शोधत होते, आणि सापडत नव्हतं.

शेवटी बारक्याने दोनच्या कॉइलचा बोल्ट सोडवला, क्लिप दाबली आणि कॉइल वर ओढली. ती सहज आली. फार सहज. खालच्या लांब रबराच्या तोंडातून पांढरा धुरळा उडाला आणि टॉर्चच्या उजेडात तरंगत राहिला.

बारक्याने रबर नाकाशी नेलं. मग तिच्यापुढे धरलं.

तो वास तिच्या घरातला होता. मोरीच्या दारातला, गॅलरीतला, मानेवरचा. सकाळचा.

"पावडर," बारक्या म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "रबराला पावडर लावली की चिकटत नाही. पुढच्या वेळी ओढताना फाटत नाही. आता कोण लावतं? आता ट्यूबमधलं ग्रीस मिळतं." त्याने कॉइलच्या बुडाचा काळा थर अंगठ्याने घासला. खाली कानशीने ओढलेल्या दोन बारीक रेघा होत्या. मग बाकीच्या तिन्ही काढल्या, घासल्या. एक रेघ. तीन रेघा. चार. "ह्या कधी केल्या?"

"गाडी घेतली तेव्हा," सिस्टर म्हणाली. "सगळं उघडून, पुसून परत बसवलं होतं त्यांनी."

"आणि मी बुडं उलटी करून बघितलीच नाहीत." बारक्या स्टुलावर बसला. स्टूल करकरलं. "जुन्या गाड्यांना एकच कॉइल असायची, ताई, आणि तिच्यातून चार वायरी निघायच्या. दोनची वायर चुकून चारला लागली, की इंजिन मागून फटाके फोडायचं. मी लावली होती एकदा. उस्तादांनी, तुमच्या बाबांनी, इथं दिली होती." त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. "काढलेलं जिथलं तिथं. हे आधी शिकायचं, मग पाना धरायचा. आता ह्या कॉइल सगळ्या सारख्याच, कुठलीही कुठंही चालते. पण त्यांच्या हाताला दोनची चारला लागली असणार. त्यांना वाटलं असेल, बारक्या अजून तसाच आहे. गाडी पोरीची आहे. गुपचूप नीट करून ठेवावी."

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"न तपासता पार्ट बदलू नको, हेही त्यांचंच. मी तपासायला लावून पाठवतोय, आणि ते घरी नीट करून परत पाठवतायत."

"त्यांची पेटी तर दादा घेऊन गेला."

"याला पेटी कशाला? दहाचा एक पाना पुरतो. एवढासा." त्याने बोटांनी माप दाखवलं.

चष्म्याच्या घराएवढं होतं.

सिस्टरने बॉनेटच्या कडेला हात टेकला. पायऱ्या उतरणारे बाबा तिला दिसले. पेपर. गुडघे. आत नळ वाहतोय तोवरचा वेळ. आणि त्या चित्राच्या मागोमाग दुसरं आलं, वळणावर डुगडुगणारं चाक आणि मागच्या सीटवरची मुलगी.

"बारक्या, चाकं—"

तो आधीच उठला होता. चाकाचा पाना घेऊन गाडीभोवती गेला. प्रत्येक नटावर पाना बसवायचा, अंगाचा भार टाकायचा, ऐकायचं. पुढचं उजवं, पुढचं डावं, मागचं उजवं. डाव्या मागच्या चाकापाशी तो उकिडवा बसला तो बराच वेळ उठला नाही. त्याने तिथले नट दोनदा बघितले.

"गच्च आहेत. चाकांना हात लावलेला नाही त्यांनी." मग परत इंजिनाकडे आला. "आणि हे बोल्ट... सोडवताना कळलं मला. जेवढे पाहिजेत तेवढेच आवळलेले. तसूभर कमी नाही, जास्त नाही. माझ्या हातून एवढं होत नाही."

 कितीही वेळा गोळी बरोबर घेतली, तरी एकदा चुकलेली विसरायची नसते, हेही तिला कामानेच शिकवलं होतं.

*

ठिपक्याची कॉइल पुन्हा चारला लावून दोघं चढाकडे निघाले. ती चालवत होती, बारक्या शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन. पुलाखालून, शाळेमागून, वर. गाडी तापली. कॉलनीच्या तोंडाशी पहिला झटका बसला.

"चार," बारक्या म्हणाला.

दुसरा झटका.

"चार. कॉइलच. पहिल्या दिवसापासून कॉइलच होती." एखादा हरवलेला माणूस स्टेशनवर सापडावा तसा तो सीटवर मागे रेलला.

तिने गाडी कडेला घेतली, आणि तेवढ्यात फोन वाजला. दादा. बारक्या काचेबाहेर बघू लागला. पण एवढ्याशा गाडीत कान कुठे नेणार?

"हो, कामावरच आहे... बरे आहेत. जेवतात नीट... गाडीचं चाललंय काही तरी, सांगतील ते तुला... नाही रे." ती थांबली. समोरच्या काचेवर एक वाळकं पान वायपरला अडकलं होतं. "छे. हात कुठला लावतायत? पेपर आणायला खाली उतरतात, तेवढंच. त्यातच दमतात."

फोन ठेवून तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"दमत असतील खरंच," बारक्या बाहेर बघतच म्हणाला. "वाकावं लागतं."

गॅरेजात त्याने नवीन कॉइलचा खोका तिच्यासमोर फोडला, पुरावा म्हणून जरा जास्तच आवाज करून. जुनी, ठिपक्याची, तिच्या हातात दिली, चार रेघांची परत चारला बसवली. नवीन दोन नंबरला बसवायला तो वाकला, तशी ती म्हणाली :

"थांब. कानस कुठे आहे?"

त्याला लगेच कळलं. खणातून त्याने बारीक कानस काढली.

"माझ्या रेघा ओळखतील ते. चुकीचा हात लगेच कळतो त्यांना."

"तू नको. मी मारते."

इंजेक्शन देताना तिचा हात कधी हलत नसे. पण प्लास्टिक कातडीसारखं नव्हतं, कानस घसरली. पहिली रेघ तिरकी आली, दुसरी तिच्याशी फटकून. तिने डोळे मिटले आणि अंगठा फिरवून पाहिला. एक. दोन. चष्म्याशिवाय वाचता येत होत्या.

"चालेल," ती म्हणाली. "आता बसव. आणि बारक्या... ठिपक्याचं..."

"कसला ठिपका?" बारक्या म्हणाला आणि पोट आत घेऊन बॉनेटखाली शिरला.

*

"कॉइल होती," रात्री जेवताना तिने सांगितलं. "दोनची. नवीन टाकली."

"हं," बाबा म्हणाले. "नीट टाकली असली म्हणजे मिळवली."

सकाळी ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. आंघोळ केव्हाच उरकली. ती टॉवेल गुंडाळून उलट्या बादलीवर बसून राहिली. पाणी असं वाया घालवताना तिच्या जिवावर येत होतं. दार उघडल्याचा आवाज आला. चपला, एकेक पायरी. मग बराच वेळ नुसतं पाणी. मग खाली, अगदी हलकेच, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लोटावं तसं, बॉनेट मिटलं.

तिने नळ बंद केला.

बाबा खुर्चीत होते. पेपर मांडीवर, घडी न मोडलेला. मानेवर पावडर, आणि बाहीच्या कडेला एक काळा डाग, जो ते दुसऱ्या हाताने झाकत होते. तिने चहा पुढे ठेवला. त्यांनी कप उचलला, फुंकला, परत ठेवला. अंगठ्याचं पोट ते पहिल्या बोटावर घासत होते, काही तरी पुन्हा पुन्हा मोजल्यासारखं.

"बारक्याचं काम बरं झालंय या वेळी," ते म्हणाले.

"कशावरून?"

"आवाजावरून."

गाडी आज अजून सुरूच केलेली नव्हती. सिस्टरने बिस्किटांचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

बॅग खांद्याला लावून ती खाली उतरली. बॉनेटकडे तिने पाहिलं नाही. डिकी उघडून चाकाचा पाना काढला, पदर खोचला आणि पुढच्या उजव्या चाकापाशी बसली. पाना बसवला, भार टाकला, ऐकलं. मग पुढचा नट. मग पुढचं चाक. जाता-येताची माणसं बघत होती, तिने बघू दिलं.

तीन चाकं झाली आणि ती हात झटकत उठली, तेव्हा वर गॅलरीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा कठड्याला धरून वाकून बघत होते. केव्हापासून, कोण जाणे.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"डावं मागचं," बाबा वरून म्हणाले, "नीट बघ."